प्रत्येक लाल डोळा अभिष्यंद नव्हे

‘डोळे आले आहेत’ असे म्हणतच रुग्ण चिकित्सालयात येतो. निदान तो स्वतःच करून आलेला असतो, आणि आपण पुष्कळदा त्यावर केवळ शिक्कामोर्तब करतो. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदी व पुणे परिसरात डोळ्यांची साथ आली आणि पुढे राज्यभर पसरली. ती साथ ओसरली. परंतु लाल डोळा दिसताच नेत्रबिंदूंची बाटली पुढे करावयाची, ही सवय ओसरलेली नाही. आमचा आक्षेप या सवयीला आहे.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात शहात्तर नेत्ररोग वर्णिले व त्यांपैकी बहुतेकांचे मूळ अभिष्यंदात सांगितले, हे सर्व वैद्यबंधू जाणतात. त्याच प्रकरणातील अधिमंथाची कालमर्यादा मात्र आपल्या स्मरणातून निसटते. उपचारात हयगय झाल्यास कफज अधिमंथ सात रात्रींत, वातज सहा रात्रींत व रक्तज पाच रात्रींत दृष्टी नष्ट करतो. पित्तज तर तत्काळ. अधिमंथ म्हणजेच आजचा ग्लॉकोमा, असे सरसकट समीकरण आम्हांस मान्य नाही. तथापि डोळा घुसळला जात असल्यासारखी वेदना आणि अर्ध्या मस्तकातील शूळ हे वर्णन तीव्र ग्लॉकोमाच्या रुग्णास तंतोतंत लागू पडते. अशा रुग्णास उलट्याही होतात. मग डोळ्याची लाली बाजूला राहते आणि अर्धावभेदक किंवा अम्लपित्ताची चिकित्सा सुरू होते. दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात काय, एवढा एक प्रश्न विचारला असता तर तो रुग्ण त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचला असता.

भेद ओळखण्यास मोठी उपकरणे लागत नाहीत. एक टॉर्च आणि एक वर्तमानपत्र पुरेसे आहे. साध्या अभिष्यंदात डोळा खुपतो, चिकटतो, पाणी वा चिपडे येतात. परंतु डोळा पुसल्यावर अक्षरे पूर्ववत दिसतात, बाहुली प्रकाशात आकुंचन पावते, आणि लाली पापणीच्या आतील बाजूस अधिक असते. याउलट कृष्णमंडलाभोवती लालीचे कडे असेल, प्रकाश असह्य होत असेल, बाहुली लहान व वेडीवाकडी असेल, तर विकार आत आहे असे समजावे. बाहुली विस्फारून स्थिर झाली असेल आणि मिटलेल्या पापणीवरून दोन बोटांनी चाचपता डोळा दगडासारखा लागत असेल, तर एक तासही दवडू नये. प्रत्येक डोळ्याची दृष्टी स्वतंत्रपणे तपासावी. दोन्ही उघडे ठेवून वाचविले तर चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो.

आमच्या ग्रामीण बांधवांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट म्हणजे शेतातील इजा. उसाचे पाते किंवा भाताचे कुसळ डोळ्याला लागते, दोन-चार दिवसांनी कृष्णमंडलावर पांढरा ठिपका दिसू लागतो. हे सव्रण शुक्र होय, आणि अशा व्रणात पुष्कळदा बुरशीचा संसर्ग असतो. घरोघरी त्यात मध, गुलाबजल, क्वचित अंगावरचे दूधही घातले जाते. आपणही सामावस्था न पाहता अंजन सांगितले, तर त्या घरगुती उपद्व्यापात आणि आपल्या चिकित्सेत फरक तो काय उरला?

आता औषधविक्रेत्या बंधूंविषयी. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी लाली एका दिवसात उतरते, म्हणून गिऱ्हाईक तीच बाटली पुन्हा मागते. ही औषधे शेड्यूल एच मधील असून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती देता येत नाहीत. बुरशीच्या व्रणात ती व्रण वाढवितात. आणि ऋतुमानानुसार डोळे खाजणाऱ्या मुलांना महिनोन्‌महिने घातली, तर नेत्रगत दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो. खाज थांबल्यामुळे आईवडील समाधानी असतात, हीच त्यातील दुर्दैवी बाब. आयुर्वेदीय नेत्रबिंदूंच्या विक्रीतही बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून देण्याची आणि महिन्याभरानंतर ती टाकून द्यावयास सांगण्याची प्रथा पडली पाहिजे.

संघटनेच्या आरोग्य शिबिरांत नेत्रबिंदूंचे मोफत वाटप होते. त्यामागील सद्‌हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु वाटपाच्या टेबलाआधी टॉर्च व वर्तमानपत्र घेतलेला एक वैद्य बसविला जावा आणि डोळ्यात वेदना असलेल्या अथवा दृष्टी मंदावलेल्या रुग्णास बाटलीऐवजी नेत्रतज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी मिळावी, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.