विश्लेषण : बोटीवर कंपोस्ट टॉयलेट बसवावे का? ब्रिटनच्या कालव्यांवर नेमके काय बदलले?

इंग्लंड आणि वेल्समधील कालव्यांवर हजारो लोक जेमतेम सात फूट रुंदीच्या ‘नॅरोबोट’मध्ये बारमाही राहतात. तिथे संडास कोणता बसवायचा, हा थट्टेचा विषय नाही. अनेकांनी कंपोस्ट टॉयलेट निवडले. पण त्यातला मैला पिशवीत बांधून कचरापेटीत टाकण्याची मुभा ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ने २०२१ च्या अखेरीस बंद केली आणि सगळे गणितच फिरले.

लोक त्याकडे का वळले?

दुसरे दोन पर्याय कटकटीचे आहेत. मोठी टाकी असेल तर पैसे मोजून ती पंपाने उपसून घ्यावी लागते. कॅसेट टॉयलेटची टाकी साधारण २० लिटरची; दोन माणसांत ती दोन-तीन दिवसांत भरते आणि हाताने उचलून किनाऱ्यावरच्या ‘एल्सन पॉइंट’वर रिकामी करावी लागते. हिवाळ्यात कालवा गोठला किंवा दुरुस्तीसाठी लॉक बंद झाले की बोट जागची हलत नाही. टाकी मात्र भरतच राहते.

कंपोस्ट टॉयलेट चालते कसे?

खरे तर ते ‘कंपोस्ट’ करतच नाही, वेगळे करते. भांड्याच्या पुढच्या भागातून लघवी बाटलीत जाते, मैला मागच्या डब्यात पडतो. त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट टाकतात. (कोकणातल्या नर्सरीत मिळते तेच, नारळाच्या काथ्याचे.) दोन्ही एकत्र आले की अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, वेगळे ठेवले की वास बराच कमी होतो. उरलेला वास आणि ओलावा १२ व्होल्टचा छोटा पंखा बाहेर टाकतो. पाणी लागत नाही, रसायनही नाही.

मग अडचण कुठे?

डब्यात काही आठवड्यांत मैला फक्त सुकतो. त्यातले रोगजंतू आणि जंतांची अंडी नष्ट होऊन खत व्हायला अनेक महिने, कधी वर्षही लागते. तेवढा काळ तो ठेवायचा कुठे? कालव्यात टाकायला बंदी आहे. एल्सन पॉइंटवर लघवी ओतता येते. पण भुसा मिसळलेला मैला तिथे टाकला तर पाइप तुंबतात.

सर्वाधिक फटका फिरत्या बोटवाल्यांना बसला. १९९५ च्या कायद्यानुसार कायमचा धक्का नसलेल्यांना एका जागी सलग १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही, एरवी सवलत मिळाली तरच. त्यांना ना बाग, ना परसू. म्हणजे ज्यांना या टॉयलेटची गरज जास्त, त्यांच्याकडेच खतासाठी जागा नाही. कचरापेट्यांत मानवी मैला नको हे ट्रस्टचे म्हणणे रास्तच आहे. पण पर्यायी सोय उभी राहण्याआधी पेटी बंद झाली, ही बोटवाल्यांची तक्रारही खोटी म्हणता येणार नाही.

घ्यायचेच असेल तर काय पाहावे?

आधी किनाऱ्यावरची जागा, मग मॉडेल. स्वतःची बाग किंवा मैला घेणारी सेवा हाताशी नसेल तर कॅसेटच बरी. जागा असेल तर दुसरा, झाकणाचा डबा ठेवायला बोटीत कोपरा आहे का, हे मोजून घ्यावे. एक भरला की तो मुरेपर्यंत दुसरा वापरता येतो. लघवीची बाटली आठ लिटरच्या आसपास असेल तर दोघांना ती साधारण तीन दिवस पुरते. ती बाहेरून किती भरली ते दिसणारी असावी. रात्री दोन वाजता ती ओसंडली, तर सात फुटांच्या घरात पळायला जागा नसते.