दुसऱ्या तिमाहीतला ऱ

'दुसऱ्या तिमाहीचे हिशेब' या नावाच्या दोन फायली ईएक्सटी-4 वर एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदू शकतात. एकीतला ऱ हे युनिकोडचे एकच चिन्ह. दुसरीत र आणि त्याखाली नुक्ता. डोळ्यांना फरक कळत नाही, पण बाइट वेगळे म्हणून फायली वेगळ्या. याच फायली जुन्या मॅकच्या एचएफएस प्लसवर रिस्टोअर केल्या की नावे एक होतात आणि एक फाईल दुसरीला गिळते. आपल्या बॅकअप टूलच्या टेस्टमध्ये ही जोडी आहे का? नावाची मर्यादा 255 बाइट आणि देवनागरी चिन्हाला 3, म्हणजे 85 चिन्हांत नाव संपले. सरकारी परिपत्रकाचा विषयही त्यात मावत नाही.

रिस्टोअरनंतर चेकसम जुळला की आपण हुश्श म्हणतो. हार्डलिंक तुटून दोन सुट्या फायली झाल्या, एसीएल गळाली, तरी चेकसम जुळतोच. आरसिंकच्या 'ए' पर्यायात या दोन्ही गोष्टी येत नाहीत. त्यात तुलनेसाठी टूलचाच स्कॅनर वापरला, तर त्याला बॅकअप घेताना जे दिसले नाही ते तपासतानाही दिसत नाही. तुलनेचा कोड वेगळाच हवा.

वेळेचे प्रकरण याहून बेरकी. मजकूर बदलला, पण आकार आणि एमटाइम तोच राहिला, तर या दोहोंवर विसंबणाऱ्या इन्क्रिमेंटल बॅकअपमधून तो बदल निसटतो. टेस्ट कधी पास, कधी फेल होऊ लागते. मग कुणीतरी मध्ये सेकंदाचा स्लीप घालतो. टेस्ट गप्प बसते, उणीव तशीच. एमटाइम टेस्टनेच ठरवून द्यावा आणि तो निसटता बदल मुद्दाम घडवावा.

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅबचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपची जागा रिकामी निघाली. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा, डम्प घेणारे टूल 9.2 चे; ते रोज फेल होत होते आणि तसे कळवणारे मेल डीमार्कमुळे नाकारले जात होते. म्हणून फेल होण्याचीही टेस्ट लागते. बॅकअप रिपॉझिटरीतला एक बाइट उलटवा. तरीही रिस्टोअरचा एक्झिट कोड शून्य आला तर टेस्ट लाल झाली पाहिजे.

अंक छपाईला जाण्याआधी आम्ही आमच्याच स्क्रिप्टमधली एसीएल परत लावणारी ओळ काढून पाहिली. सगळ्या टेस्ट हिरव्याच राहिल्या.