नर्सच्या हाती ज्ञान आहे, मग सही का नाही?

नवी मुंबईत दिघा किंवा तुर्भ्याच्या वस्तीतला माणूस आजारी पडला की महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जातो. तिथे रक्तदाब मोजणारी, गरोदर बाईची नोंद ठेवणारी, बाळाला लस देणारी नर्सच असते. मात्र औषधाच्या चिठ्ठीवर सही करण्याचा अधिकार तिला नाही. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली जीएनएम, बीएस्सी नर्सिंग करून या सेवेत आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्या चळवळीचाही आहे, असे आम्ही मानतो.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये समुदाय आरोग्य सेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेत ठरावीक औषधे त्यांनी स्वतंत्रपणे द्यावीत, इतर वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करावे, असे त्यात म्हटले आहे. पण कलमात नर्सचे नाव नाही. डॉक्टरांच्या संघटनेने, आयएमएने, त्याला कडाडून विरोध केला आणि कलम कागदावरच राहिले. नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने सुरू केला. तो शिकून आलेली नर्सही रुग्णालयाच्या ठरलेल्या नियमावलीबाहेर स्वतःच्या अधिकारात औषध लिहू शकत नाही.

आता महाराष्ट्राचेच उदाहरण पाहू. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून होमिओपॅथी डॉक्टरांना एक वर्षाच्या औषधशास्त्र अभ्यासक्रमानंतर ॲलोपॅथीची औषधे देण्याचे दार उघडले. २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून मोठा वाद झाला. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. आमचा प्रश्न एवढाच, की चार वर्षे आधुनिक वैद्यकावर आधारलेले शिक्षण घेतलेल्या नर्ससाठी असे दार का नाही? ब्रिटनमध्ये २००६ पासून प्रशिक्षित नर्स जवळपास सर्व औषधे स्वतंत्रपणे लिहू शकतात. अमेरिकेत निम्म्याहून अधिक राज्यांनी नर्स प्रॅक्टिशनरना पूर्ण अधिकार दिला आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. श्रीमंताला डॉक्टर आणि वस्तीला नर्स, अशी दुहेरी व्यवस्था होईल का? ही भीती आम्ही झटकून टाकत नाही. म्हणूनच हा अधिकार डॉक्टरांची पदे रिकामी ठेवण्याची सबब ठरता कामा नये. जास्तीचे प्रशिक्षण, औषधांची निश्चित यादी, कोणता रुग्ण पुढे पाठवायचा याचे स्पष्ट नियम आणि चुकीची जबाबदारी, हे सारे आधी ठरले पाहिजे. जबाबदारी वाढवून कंत्राटी पगार तोच ठेवणे, हेही आम्हाला मान्य नाही.

या प्रश्नाला जातीचीही बाजू आहे. मलमूत्र, रक्त, पू यांना हात लावणारे काम आपल्या समाजव्यवस्थेने हलके ठरवले. तथागतांनी मात्र आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतले आणि रुग्णसेवा ही आपलीच सेवा मानावी, असे सांगितले. विनयात चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगताना औषध तयार करता येणे आणि रुग्णाला काय मानवेल, काय मानवणार नाही हे कळणे, यांना पहिले स्थान आहे. मैत्रीभाव आणि किळस न वाटणे त्यानंतर येते. म्हणजे धम्मात शुश्रूषा हे ज्ञानाचे काम आहे. नुसते ‘सिस्टर’ म्हणून कौतुक करून ते ज्ञान नाकारणे हा अपमानच आहे.

तरुण कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातल्या नर्स ताईंशी बोलावे, त्यांच्या संघटनांना साथ द्यावी आणि हा विषय लोकप्रतिनिधींपुढे लेखी मांडावा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण रोज म्हणतो. या मुली शिकल्या आहेत. पुढच्या दोन पायऱ्यांवर त्यांना एकटे सोडू नये.