मताविना नागरिक

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील माणसाला कागदोपत्री नागरिक म्हणत. १९५१ साली तर लिस्बनच्या सरकारने ‘वसाहत’ हा शब्दच आपल्या घटनेतून काढून टाकला व गोव्याला ‘सागरापलीकडील प्रांत’ असे भारदस्त नाव बहाल केले. नाव बदलले, राज्यकर्ते बदलले नाहीत. ते कोण असावेत, हे पेडण्याच्या वा डिचोलीच्या शेतकऱ्याला विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली त्या सत्तेखाली गेले. तेव्हापासून १९६१ पर्यंत आमच्या कित्येक पिढ्यांनी कर भरले, पण प्रौढ मतदान म्हणून काही असते, हे त्यांनी पाहिले नाही. सालाझारच्या काळी लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जावी लागे; तेथे राज्यकारभाराविषयी मत देण्याची गोष्ट दूरच!

ज्याला मत नाही त्याला राजकारण नाही, असा एक समज आढळतो. आम्हांस तो मान्य नाही. मतपेटी नसली म्हणजे माणसे दुसरी ठिकाणे शोधतात. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, धर्माच्या बाबतीतील बंधने सैल झाली, आणि मराठी शाळा, वाचनालये व नियतकालिके यांना येथे बहर आला. १९१२ साली गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी ‘भारत’ पत्र काढले. पुढे हुकूमशाही आली व हेही दार मिटू लागले. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया व डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली, ती याच कोंडीतून. मोहन रानडे मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात आले, त्यांनी शस्त्र हाती घेतले आणि १९५५ साली ते पकडले गेले. गोवा मुक्त झाला १९६१ साली. रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले १९६९ साली!

आणि पत्रादेवी तर आमच्या पेडणे तालुक्याच्या वेशीवरच आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही तेथून आत शिरले व त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. कर्नेलसिंग नावाचा पंजाबी तरुण तेथे धारातीर्थी पडला. पेडण्याचे नाव तरी त्याने पूर्वी ऐकले होते की नाही, कोण जाणे.

आज पॅलेस्टिनी लोकांविषयीचे वृत्त वाचताना आम्हांला हा सारा इतिहास आठवतो. दोन्ही प्रकरणे एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. तेथे एकाच भूमीवर दोन समाजांचा हक्कसांगावा आहे. इस्रायलचे नागरिक असलेल्या अरबांना तेथील संसदेसाठी मत आहे, हेही नमूद केले पाहिजे. परंतु जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावर जून १९६७ पासून इस्रायली लष्कराचा अंमल आहे, आणि तेथील पॅलेस्टिनी माणसाला त्या लष्करावर हुकमत चालविणारे सरकार निवडता येत नाही. त्याच तीरावर वसाहत करून राहिलेला त्याचा इस्रायली शेजारी मात्र ते निवडतो. त्यांच्या स्वतःच्या विधिमंडळाची निवडणूक जानेवारी २००६ मध्ये झाली. त्या वर्षी जन्मलेले मूल अठरा वर्षांचे झाले, तरी दुसरी झाली नव्हती. अशा मुलाने आपली ओळख कोठे नोंदवावी? तो ती शाळेत, गाण्यात, मोर्चात, आजोबांनी जपलेल्या घराच्या किल्लीत नोंदवतो. कोणी दगड उचलतो, कोणी बंदूक. निरपराध्यांच्या हत्येचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. पण मतपेटी बंद ठेवणाऱ्यांनी केवळ आश्चर्य व्यक्त करावे, हे आम्हांस ढोंग वाटते.

मत मिळाले म्हणजे मनासारखे होते, असेही नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात पेडणे व डिचोली या आमच्या तालुक्यांनी महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने बहुमत दिले. साऱ्या गोव्याचा हिशेब निराळा निघाला : विलीनीकरणास १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. अनेक घरांत त्या दिवशी चूल पेटली नसेल. पण त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक आली. कौल हरलेल्या पक्षालाच मतदारांनी पुन्हा सत्तेवर बसविले, आणि दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.