कोल्हापूरचा खटला आणि आजची खोटी पत्रे

६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून साजरा होतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’चा पहिला अंक काढला, त्याचे हे स्मरण. शाहूवाडी तालुक्यातील अशाच एका समारंभास उपस्थित राहण्याचा योग आला. दर्पणकारांच्या तसबिरीस हार घातला गेला, शाल-श्रीफळे दिली-घेतली गेली आणि मग शहरातून आलेल्या प्रमुख वक्त्यांनी तासभर अमेरिकेची वृत्तपत्रसृष्टी श्रोत्यांपुढे उभी केली. जोसेफ पुलित्झर, वॉटरगेट, वुडवर्ड आणि बर्नस्टाईन, ९ ऑगस्ट १९७४ रोजी राजीनामा द्यावा लागलेले अध्यक्ष निक्सन. भाषण रंगले, हे नाकारता येणार नाही. शेवटी वक्त्यांनी निष्कर्ष काढला की, सत्तेला जाब विचारण्याची अशी परंपरा आपल्या मातीत रुजलीच नाही. टाळ्या पडल्या!

ज्या सभागृहात हे वाक्य उच्चारले गेले, तेथून एस.टी.ने तासा-दीड तासावर कोल्हापूर आहे. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातील पहिला मोठा तुरुंगवास ज्या प्रकरणामुळे घडला, ते प्रकरण या कोल्हापूर दरबारचे. वक्त्यांना त्याची आठवण झाली नाही आणि समोर बसलेल्यांपैकीही कोणी ती करून दिली नाही.

अमेरिकेचा इतिहास सांगायचाच तर तो पूर्ण सांगावा. पुलित्झर यांचे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ आणि विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचे ‘न्यूयॉर्क जर्नल’ या दोन पत्रांत खपासाठी जी जीवघेणी चढाओढ लागली, तिने सत्याची पुरती आबाळ केली. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली, अडीचशेहून अधिक माणसे गेली. हाती पुरावा नसताना या पत्रांनी स्पेनकडे बोट दाखवून देशभर रण माजवले. दोन महिन्यांत युद्ध सुरू झाले. पुढे १९७६ साली ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने निष्कर्ष काढला तो असा की, स्फोट बहुधा नौकेच्या आतच, कोळशाच्या आगीमुळे झाला असावा. ज्यांच्या नावाने आज पत्रकारितेचे पारितोषिक दिले जाते, त्या पुलित्झर यांच्या खात्यावर हेही जमा आहे. मात्र त्या समाजाचा एक गुण मान्य केला पाहिजे. ही लाज त्यांनी दडवली नाही. २००३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एका वार्ताहराने रचलेल्या खोट्या बातम्या उघडकीस आल्या, तेव्हा त्या पत्राने स्वतःच्या पहिल्या पानावरून आपल्याच अब्रूची लक्तरे सविस्तर मांडली. आपल्याकडचे एखादे दैनिक असे करील काय?

आता कोल्हापूरकडे वळू. छत्रपती चौथे शिवाजी महाराज हे दत्तक आलेले तरुण राजे. त्यांना वेडे ठरवून ब्रिटिशांच्या देखरेखीखाली ठेवले होते. त्यांचा छळ होत असल्याची कुजबुज सर्वत्र होती आणि संशयाची सुई कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्याकडे वळत होती. १८८१ च्या जानेवारीत ‘मराठा’ आणि ‘केसरी’ निघाले. पहिल्याचे संपादक टिळक, दुसऱ्याचे आगरकर. वर्ष सरते न सरते तोच दोन्ही पत्रांनी या विषयावर तोफ डागली. बर्व्यांना गोवणारी काही पत्रे त्यांच्या हाती आली होती. त्या पत्रांच्या जोरावर आरोप छापले गेले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि न्यायालयात सिद्ध झाले की, ती पत्रे बनावट होती!

चूक उमगताच टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली. फिर्याद मात्र चालूच राहिली. १८८२ च्या जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस तेथेच उलटला. २६ ऑक्टोबरला सुटका झाली, तेव्हा स्वागताला लोक लोटले.

आपण हा प्रसंग शौर्यगाथा म्हणून सांगतो आणि त्यातला बोचरा भाग गिळून टाकतो. दोघा तरुणांचा हेतू शुद्ध होता, धाडस निर्विवाद होते, पण छापलेला पुरावा खोटा होता. आणि याहून दारुण गोष्ट पुढे आहे. २५ डिसेंबर १८८३ रोजी, खटल्यानंतर अवघ्या दीड वर्षाने, शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात मरण पावले. पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर. म्हणजे छत्रपतींच्या जिवाची ‘केसरी’ला वाटणारी चिंता मुळीच काल्पनिक नव्हती. बनावट पत्रांनी नुकसान केले ते या खऱ्या गाऱ्हाण्याचे. न्यायालयात चर्चा झाली बर्व्यांच्या अब्रूची. छत्रपतींच्या हालांची चौकशी बाजूला पडली.

या खटल्यातली आणखी एक गोष्ट आमच्या व्यासपीठांवर क्वचितच निघते. दोघांच्या जामिनासाठी दहा हजारांची रक्कम उभी राहिली ती महात्मा जोतीराव फुले यांच्या शब्दाखातर. त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी ती भरली. विचारांचे अंतर प्रचंड, पण छत्रपतींच्या गादीसाठी तुरुंगात जाणाऱ्यांच्या मागे उभे राहताना जोतीरावांनी ते मोजले नाही. उलटपक्षी, १९२० साली राजर्षी शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, असे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. टिळकभक्तांना हे रुचणार नाही. आम्हालाही रुचत नाही. पण इतिहास सोयीचा तेवढाच वाचायचा असेल, तर त्या वक्त्यांना तरी नावे का ठेवावीत?

कोल्हापूरचे दुसरे उदाहरण तर जवळजवळ विस्मरणातच गेले आहे. राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात १९०८ साली पंडित सातवळेकरांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख प्रसिद्ध झाला. वेदमंत्रांच्या विवेचनात सरकारला राजद्रोह दिसला! विजापूरकर आणि संपादक वामन मल्हार जोशी यांना प्रत्येकी तीन वर्षांची शिक्षा झाली. ‘रागिणी’कार म्हणून वामनरावांना ओळखणारे पुष्कळ आहेत, लेखाच्या छपाईपायी त्यांनी तुरुंग भोगला, हे किती जणांना ठाऊक असते?

आणि आज? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा एकच मजकूर परस्परांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दशः झळकला. मजकूर एक, लेखकांची नावे निरनिराळी. हे उघड केले पी. साईनाथ यांनी. त्यांच्या विचारांशी आमचे जन्मात जुळायचे नाही; परंतु या कामासाठी त्यांना नमस्कार केला पाहिजे. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० साली या विक्रीच्या बातम्यांवर नावानिशी अहवाल दिला, तर कौन्सिलने तो सुरुवातीस प्रसिद्धच केला नाही. दुसऱ्यांकडून पारदर्शकता मागणाऱ्यांचा अहवाल बाहेर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला.

तालुक्याच्या वार्ताहरावर सगळा राग काढणे मात्र अन्यायाचे होईल. त्याला मिळणारे मानधन ऐकले तर हसावे की रडावे कळत नाही. बहुतेकांची खरी कमाई जाहिरातीच्या टक्क्यावर. ज्याच्या विरोधात लिहायचे, त्याच्याच दारी दिवाळीला आणि वाढदिवसाला जाहिरात मागायला उभे राहायचे! त्या समारंभानंतर चहा घेताना एका तरुण वार्ताहरास विचारले, धनगरवाड्याच्या रस्त्याची बातमी का आली नाही? आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणावे लागते, हे त्याने स्वतः पाहिले होते. तो म्हणाला, “दिली होती साहेब. त्या दिवशी वाढदिवसाची पुरवणी होती.” गव्यांनी तुडवलेला ऊस असो वा बॉक्साइटच्या खाणीची धूळ, पुरवणी असली की सगळे दुसऱ्या दिवसावर जाते, आणि दुसरा दिवस उजाडत नाही.

ही पुरवणी कोण छापून घेतो? त्यात आपल्या ओळखीचे चेहरे नसतात काय? शुभेच्छुकांच्या रांगेतले छायाचित्र कापून जपणारे आपणच, आणि वृत्तपत्रे विकली गेली म्हणून हळहळणारेही आपणच. वर्गणीचे दोन-पाचशे रुपये देताना हात आखडतो. कागदाची किंमतही ज्यातून निघत नाही, असे पत्र आपल्याला हवे असते आणि ते निर्भीडही हवे असते.

कार्यकर्त्यांना आणखी एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. १८८२ साली बनावट पत्र छापायला छापखाना लागत होता, आणि खाली संपादकाचे नाव असे. आज खिशातल्या मोबाईलवर दिवसाला दहा बनावट पत्रे येतात. मजकूर आपल्या बाजूचा आहे, एवढ्यावर तो पुढे ढकलला जातो. खोटा निघाला तर कोणी दिलगिरी व्यक्त करीत नाही, मग १०१ दिवसांची गोष्ट दूरच. गोहत्येची, मंदिराच्या जमिनीची, फसवल्या गेलेल्या मुलीची एखादी खरी तक्रार पोलीस ठाण्यात पोहोचते, तेव्हा समोरचा अधिकारी आधी आपण पसरवलेल्या चार खोट्या गोष्टी काढून दाखवतो. खरी फिर्याद घेऊन आलेल्या त्या कुटुंबाला आपण काय उत्तर देणार?

पुढील ६ जानेवारीस शालींचा खर्च वाचवावा आणि आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक तालुक्यातील प्रत्येक वार्ताहराच्या हाती द्यावे. एक प्रत प्रमुख वक्त्यांसाठी राखून ठेवावी. आणि प्रत्येक वस्तीत, गटात सकाळ-संध्याकाळ मोबाईलवरून मजकूर पाठवीत बसणारा जो आपला उत्साही कार्यकर्ता असतो, त्याला पुस्तक द्यायचे ते वाचून परत करण्याच्या बोलीवर.