दाजीपूरचे झाड आणि शिरोळचे झाड

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आमच्या शाळेत वृक्षारोपण होते. खड्डे आधीच खणलेले असतात, पाहुणे येतात, बोधिवृक्षाची आठवण म्हणून पिंपळाची रोपे लावली जातात, छायाचित्रे निघतात. पुढच्या वैशाखात त्या खड्ड्यांत काय उरते, हे आम्ही शिक्षक मंडळी चांगले जाणतो. मुरमाड उतारावरची बहुतेक रोपे तोवर काटकी होऊन गेलेली असतात. दोष रोपांचा नव्हे, आणि पाणी घालायला विसरलेल्या मुलांचाही पूर्णपणे नव्हे. कोणत्या जमिनीत कोणते झाड कशाच्या बळावर जगते, हा प्रश्नच आम्ही कधी विचारला नाही.

वास्तविक त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच पसरलेले आहे. गगनबावड्यात वर्षाला सुमारे 5000 मिलिमीटर पाऊस पडतो. शिरोळला 500 ते 600 मिलिमीटर. शंभरेक किलोमीटरच्या अंतरात एवढी तफावत असलेले जिल्हे थोडेच. राधानगरी अभयारण्य, ज्याला आपण आजही दाजीपूरचे जंगल म्हणतो, ते 1958 साली घोषित झाले आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशात गेले. तिथल्या गर्द रानात पाण्याची ददात नसते. चणचण असते ती उजेडाची. अंजनी, जांभूळ यांच्या दाटीखाली उगवलेले रोप वर्षानुवर्षे गुडघाभर उंचीचेच राहते. ते मेलेले नसते, थांबलेले असते. एखादे जुने झाड वादळात कोसळून वरच्या छतात भगदाड पडले की हेच रोप झपाट्याने वर चढते. जांभळाची बी वाळली की मरते; म्हणून फळ पिकते ते नेमके पावसाच्या तोंडावर, आणि बी ओल्या मातीत लगेच रुजते.

थोडे पूर्वेला, घाटाच्या उतारावर आले की रीत बदलते. इथे पाऊस चार महिने आणि पुढे कोरडे ऊन. पळस, सावर पाने टाकून देतात. पाने नसली की पाणी उडून जात नाही. ऐनाची जाड, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल वणव्याची धग आत पोहोचू देत नाही. कुंभ्याचेही तसेच. आणि शिरोळच्या बाजूची बाभूळ पाहा: पान बारीक, काटा लांब, मूळ खोल, मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधणारे जिवाणू. 2019 च्या महापुरात उसाचे फड कुजले, पण बाभूळ पाण्यात उभे राहूनही सहसा मरत नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. ‘बळी तो कान पिळी, हाच जंगलाचा कायदा’ असे आरक्षणाच्या वादात आम्हाला अनेकदा ऐकवले जाते. मुळात ‘सर्वांत योग्य तोच टिकतो’ हा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरने 1864 मध्ये केला. डार्विनने तो नंतर उचलला. आणि योग्य म्हणजे बलवान नव्हे, त्या जागेला साजेसा. दाजीपूरच्या सावलीतले रोप खुजे असते ते त्याच्या अंगी गुणवत्ता नसते म्हणून नव्हे. 1902 साली शाहू महाराजांनी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, तेव्हा या करवीर नगरीत त्या छतालाच भगदाड पडले होते. वसतिगृहात राहून शिकलेल्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

देवराया मात्र आम्हाला पेचात टाकतात. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीच्या गावांत जुनी झाडे राहिली ती देवाच्या भयाने, हे खरे आहे. पण जिथे देव होता तिथे विटाळही होता, हेही आमच्या वाडवडिलांनी भोगले आहे. म्हणून त्या राया तोडाव्यात असे आम्ही कदापि म्हणणार नाही. भयाविना झाड राखता येते, याला आपल्याच परंपरेत आधार आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात विनाकारण वने जाळू नयेत असा आदेश आहे, सातव्यात वाटसरूंच्या सावलीसाठी रस्त्यांकडेला वड लावल्याची नोंद आहे. भिक्खूंच्या विनयात तर झाडझाडोरा तोडणे हाच दोष मानला आहे. देव कोपेल म्हणून नव्हे.

तेव्हा यंदा आमची सूचना अशी. पिंपळ एकच लावावा, विहिरीजवळच्या खोल मातीत. उतारावर पिंपळाची ओळ नको, आणि झटपट हिरवे दिसते म्हणून गिरीपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळही नको. शेजारच्या डोंगरावर कोणीही न लावता जी झाडे उभी आहेत, पळस, बहावा, कुंभा, त्यांचेच बी गोळा करावे. माजी विद्यार्थ्यांनी पाहुण्यांच्या हारतुऱ्यांऐवजी दोन उन्हाळ्यांच्या पाण्याचा खर्च उचलावा. अडचण एकच आहे: पळसाच्या शेंगा गळतात त्या मे-जूनमध्ये, आणि त्या वेळी मुले सुट्टीवर असतात. वेचणीचे काम जवळच्या गावांतील पालकांनी अंगावर घेतले, तर आषाढापर्यंत बी शाळेत पोहोचेल.