एआय १७१: नाक वर असूनही विमान खाली का आलं?

१२ जूनच्या दुपारचा अहमदाबादचा तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेलच. विमान उडतं, काही सेकंद चढतं, मग नाक तसंच वर ठेवून हळूहळू खाली बसत जातं आणि इमारतींमागे दिसेनासं होतं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जण गेले. संध्याकाळपर्यंत माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर तपास पूर्ण होऊन निकालही लागला होता: "पायलट फ्लॅप लावायला विसरले."

१२ जुलैला एएआयबीचा प्राथमिक अहवाल आला. फ्लॅपचा दांडा ५ वर होता, म्हणजे टेकऑफला लागणाऱ्या नेहमीच्या सेटिंगवर. पण माझं म्हणणं असं की अहवालाची वाट न बघताही ती थिअरी जरा तपासता आली असती. त्यासाठी लागणारं एरोडायनॅमिक्स फ्लाइंग स्कूलमध्ये अगदी सुरुवातीलाच शिकवतात.

एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये, म्हणून मनातल्या मनात करा. धावत्या गाडीच्या बाहेर तळहात आडवा धरला आणि पुढची कड थोडी वर केली, की हात वर उचलला जातो. पंख हेच करतो. तो हवेला खाली ढकलतो, हवा त्याला वर ढकलते. ही झाली लिफ्ट. (पंखावरची आणि खालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचते, हे आपण शाळेत ऐकलेलं कारण चुकीचं आहे. वरची हवा प्रत्यक्षात आधीच पोचते.)

पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातल्या कोनाला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. तो वाढवला की लिफ्ट वाढते, पण एका हद्दीपर्यंतच. साधारण १५ अंशांच्या आसपास, पंखाच्या आकारानुसार थोडं मागेपुढे, वरची हवा पंखाला चिकटून वाहायचं सोडते आणि लिफ्ट एकदम ढासळते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा थेट संबंध नाही. इंजिनं पूर्ण जोरात चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकतं.

आता गंमत बघा. हा कोन विमान कुठे सरकतंय त्यावरून मोजतात, क्षितिजावरून नाही. नाक वर आणि विमान खाली चाललेलं, असं असेल तर हवा खालून येतेय, म्हणजे कोन आणखी मोठा. १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ अटलांटिकमध्ये असंच कोसळलं. नाक वर होतं, इंजिनं चालू होती, आणि विमान मिनिटाला १०,००० फुटांहून जास्त वेगाने खाली येत होतं. २२८ जण गेले. म्हणून "नाक तर वर होतं" एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

फ्लॅपकडे येऊ. लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट, तर लिफ्ट चौपट. टेकऑफला वेग कमी असतो, म्हणून पंखाच्या मागच्या पट्ट्या बाहेर काढून त्याची वक्रता आणि आकार वाढवतात. त्या लावायच्या राहिल्या तर काय होतं, हे २००८ मध्ये माद्रिदला दिसलं. स्पॅनएअरचं विमान फ्लॅपशिवाय निघालं, धोक्याचा इशाराही वाजला नाही, जेमतेम हवेत गेलं, एका बाजूला कलंडलं आणि पडलं. १५४ मृत्यू. त्यामुळे ग्रुपवरची शंका काही वेडगळ नव्हती.

फक्त व्हिडिओ तिच्याशी जुळत नव्हता. हे विमान नीट उचललं गेलं, सुरुवातीला चढलं, आणि नंतर पंख सरळ ठेवूनच खाली आलं. म्हणजे पंख काम करत होते. पुढे ढकलणारं बळ संपलं होतं. शिवाय ५ वर फ्लॅप इतके थोडे बाहेर येतात, की गच्चीवरून झूम केलेल्या पिक्सेलमध्ये ते शोधणं म्हणजे शुद्ध कल्पनाशक्ती.

अहवालातल्या वेळा भारतीय वेळेत अशा. १:३८:३९ ला चाकं जमीन सोडतात. तीन सेकंदांनी वेग १८० नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे ३३३ किलोमीटर, आणि लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत. ४७ व्या सेकंदाला रॅट, म्हणजे आणीबाणीत पोटाखालून बाहेर येणारा छोटा पंखा, हायड्रॉलिक दाब देऊ लागतो. ५२ आणि ५६ व्या सेकंदाला स्विच पुन्हा चालू. १:३९:११ ला रेकॉर्डिंग संपतं. उड्डाणापासून ३२ सेकंद.

इंजिन गेलं की पायलटकडे दोनच गोष्टी उरतात, वेग आणि उंची. एक देऊन दुसरी घेता येते. म्हणून शिकाऊ पायलटला घोकून घेतात: टेकऑफनंतर इंजिन गेलं तर आधी नाक खाली, वेग राख, आणि धावपट्टीकडे मागे वळायचा मोह नको. वळताना लिफ्ट जास्त लागते, त्यामुळे स्टॉलचा वेगही वाढतो. ६० अंश कलून उंची टिकवायची तर तो ४१ टक्क्यांनी वाढतो.

हडसन नदीवर उतरलेल्या विमानाची आठवण अनेकांनी काढली. पण २००९ च्या त्या विमानाला पक्षी धडकले तेव्हा ते सुमारे २,८०० फुटांवर होतं, आणि पाण्यावर टेकायला साडेतीन मिनिटं मिळाली. १५५ पैकी १५५ वाचले. अहमदाबादला उंची नव्हती, समोर वस्ती होती. इंजिनं परत पेटवायचा प्रयत्न झाला, त्यातलं एक सावरायलाही लागलं होतं. पण जेट इंजिनाला पुन्हा पूर्ण जोर धरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ उंचीतूनच येतो.

स्विच हलले कसे, याचं उत्तर मात्र एरोडायनॅमिक्सकडे नाही. ते हलवायला आधी वर उचलावे लागतात. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये एक पायलट दुसऱ्याला विचारतो, तू इंधन का बंद केलंस, आणि दुसरा म्हणतो, मी नाही केलं. कोण कोणाला म्हणालं, हे अहवालात लिहिलेलं नाही. कारणही दिलेलं नाही. आमच्या ग्रुपवर मात्र फ्लॅपवाला मेसेज डिलीट व्हायच्या आत नवा निकाल आला आहे, या वेळी एका पायलटच्या नावासकट.